चार महिन्यांचं भाडं

वूच शहरात, पियोत्रकोव्स्का रस्त्याच्या मागल्या गल्लीत
दुसऱ्या मजल्यावर एक दुकान आहे.
तिथे बूट काढून जावं लागतं.
दुकानदार लुत्सियान हलक्या आवाजात बोलतो,
सोनारासारखा,
आणि किंमत मात्र बोलत नाही, चिठ्ठीवर लिहून सरकवतो.

आठ हजार झ्लॉटी.
माझ्या घराचं चार महिन्यांचं भाडं.
अक्रोडाच्या लाकडाच्या वाट्या, मेंढीच्या कातड्याची गादी,
आत केसाहून पातळ पडदा.
"यातून तुम्ही पहिल्यांदा ऐकाल," तो म्हणाला.
म्हणजे सत्तेचाळीस वर्षं मी काय करत होतो?

घेतला.
का, ते विचारू नका.
पगार वाढला नव्हता, कुणाशी पैज नव्हती,
त्या दिवशी बाहेर नुसता चिखल होता, एवढं आठवतं.

रात्री दिवा मालवून
जिवाचा कान करून बसलो.
खोटं का बोलू, ऐकू आलं:
पियानोवाल्याचा श्वास,
त्याची खुर्ची कुरकुरली ती,
पान उलटण्याआधी कुणी बोट ओलं केलं ते,
आणि लांब कुठे वळणारी ट्राम,
कितीतरी वर्षांपूर्वीची,
स्टुडिओच्या भिंतीतून चोरपावलांनी आत आलेली.
गाणं मात्र
आधी होतं तेवढंच.

मग ड्रॉवरमधला जुना काढला,
ऐंशी झ्लॉटींचा, डावीकडे चिकटपट्टी.
तीच तबकडी, तीच जागा.
खुर्ची कुरकुरली.
ट्रामही वळली.
आता मला त्यांचा पत्ता ठाऊक होता ना,
स्वस्तातही त्या घरीच सापडल्या.
मग आठ हजार कशाचे दिले?
पत्त्याचे?
की पत्ता विचारायची लाज जावी, म्हणून?

रविवारी आई आली. ग्रॅझिना, वय ब्याऐंशी.
एकतीस वर्षं तिसऱ्या शेडमधे, चार माग एकटीच्या अंगावर.
डॉक्टरांनी काढलेला तिच्या कानांचा आलेख
तळघरात उतरणाऱ्या जिन्यासारखा दिसतो.
चिमण्या गेल्या, दाराची घंटा गेली,
माझ्या बायकोचा आवाज गेला
(तो गेल्याचं दोघींनाही फारसं दुःख नाही).

"केवढ्याला?"
"आठशे."
तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. काही बोलली नाही.

तिच्या डोक्यावर मी तो हलकेच ठेवला,
पांढरे केस वाट्यांखालून सोडवले.
बाहेर झिरपणारं गाणं मला ऐकू येत होतं,
पेल्यात अडकलेल्या चिलटाएवढं.
तिला खालचे सूर तेवढे लागत असणार.
डोळे मिटले तिने.
टेबलावर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागली,
तुटलेला धागा गाठताना फिरतात तशी.
"बरंय," ती ओरडली, "कानाला ऊब आहे."
मग चिकटपट्टीवाला दिला.
"हेही बरंय. हलकं आहे."

झाला निकाल, मला वाटलं.
पण तिने पुन्हा अक्रोडाचाच मागून घेतला,
आणि तबकडी त्या जागेकडे सरकत होती.
गिरणीतल्या बायका आवाजाशिवाय बोलायच्या,
मागांच्या गदारोळात ओठांनीच
कुणाचं लग्न, कुणाची चोरी, कुणाला दिवस गेलेत.
मला बोलायच्या आधी ते शिकवलं होतं तिने.
मी समोर बसलो, आवाज न काढता म्हणालो,
आता.
खुर्ची.
कुरकुरेल.

तिने मान डोलावली, नेमकी तिथे,
अर्ध्या क्षणाचाही फरक नाही.

"ऐकू आली?"
"दिसली," ती म्हणाली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.
"तेल घाल म्हणावं त्याला."